त्यांची माहिती, आमचा दावा

मढ, खुबी, करंजाळे, तळेरान, निमगिरी, कोपरे-मांडवे, आंबे-हातवीज. तिकडं आंबेगावात आहुपे, तळेघर, कोंढवळ. आणि मधल्या सगळ्या वाड्यावस्त्यांवरच्या आयाबायांनो, जाणत्या माणसांनो, पोरांनो! ज्याला वाचता येतं त्यानं हे चारचौघांत बसून मोठ्यानं वाचावं. मजकूर एका शब्दाबद्दल आहे. शब्द लहान आहे. पण त्या शब्दानं जमीन जाऊ शकते, म्हणून या अंकाची एवढी पानं त्याला दिली आहेत.

वनहक्काची बातमी पेपरात येते तेव्हा तिचा साचा ठरलेला असतो. वरच्या अर्ध्या भागात साहेब लोक 'माहिती देतात', 'स्पष्ट करतात', 'सांगतात'. खालच्या अर्ध्या भागात आम्ही 'दावा करतो'. साहेब म्हणाले, ही जागा वनखात्याची आहे. पेपर लिहितो, 'अशी माहिती अधिकाऱ्यांनी दिली.' आम्ही म्हणालो, ही भातखाचरं आमच्या आज्या-पणज्यानं दगड वाहून बांधली. पेपर लिहितो, 'असा दावा ग्रामस्थांनी केला.' बातमीदारापुढं दोघंही तोंडानंच बोलले. कागद ना त्यांनी दाखवला, ना आम्ही. मग एकाच्या तोंडातून निघाली ती माहिती, आणि दुसऱ्याच्या तोंडातून निघाला तो दावा, हे कुणी ठरवलं?

एक शब्द, सात कामं

हा साचा मूळचा इंग्रजी पेपरांचा. तिकडं 'क्लेम' नावाचा शब्द आहे. मराठी पेपरांनी त्याचा सरसकट 'दावा' केला. इंग्रजीत हा एकच शब्द किती कामं करतो ते नीट बघा. शिकलेल्या पोरांनी पेपर पुढं ठेवून ताडून बघावं.

पहिलं काम विम्याचं. पीक गेलं, क्लेम भरला, क्लेम मंजूर झाला. हे आपल्याला ठाऊक आहे. इथं क्लेम म्हणजे मागणीचा कागद.

दुसरं काम मरणाचं. जुन्नरच्या उसात बिबट्यानं माणूस मारला की इंग्रजी मथळा येतो, 'लेपर्ड क्लेम्स लाइफ'. घाटात गाडी दरीत गेली तरी तसंच, अपघातानं इतके जीव 'क्लेम' केले. इथं क्लेम म्हणजे घेतला, संपवला. बिबट्यानं खरंच जीव घेतला का, अशी शंका कुणी काढत नाही.

तिसरं काम खेळाच्या पानावर. गोलंदाज पाच विकेटी 'क्लेम' करतो, धावणारी पोरगी सुवर्णपदक 'क्लेम' करते. इथं क्लेम म्हणजे जिंकलं, हातात आलं.

चौथं काम स्फोट-हल्ल्याच्या बातमीत. एखादी टोळी जबाबदारी 'क्लेम' करते. मराठीत आपण म्हणतो, जबाबदारी स्वीकारली.

पाचवं काम राजभवनावर. पक्षाचे पुढारी राज्यपालांकडं जातात आणि सत्तास्थापनेचा दावा करतात. २०१९ च्या नोव्हेंबरात हा शब्द रोज पहिल्या पानावर होता. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी शपथ झाली आणि २६ ला ते सरकार गेलंसुद्धा. दावा टिकला नाही म्हणून त्यांना कुणी अतिक्रमणदार म्हटलं नाही. कुणाच्या दारात जेसीबी उभा राहिला नाही. तिकीट मागणाऱ्यालाही पेपर 'प्रबळ दावेदार' म्हणतो. तिथं दावेदार हा मानाचा शब्द आहे.

सहावं काम जाहिरातीचं. हे तेल लावा, टकलावर केस उगवतील, असा कंपनीचा 'क्लेम'. इथं क्लेम म्हणजे खरं असेल नसेल, ऐकणाऱ्यानं आपलं आपण बघावं.

सातवं काम आमच्या नावानं ठेवलेलं. 'आदिवासींचा दावा आहे की ते पिढ्यान् पिढ्या इथं राहतात.'

आता सांगा, आमचा दावा वरच्या सहांपैकी कुठल्या रांगेत बसवला? खेळाडूच्या रांगेत नाही, पुढाऱ्याच्या रांगेत नाही, बिबट्याच्यासुद्धा नाही. आम्हाला बसवलं केसाच्या तेलाच्या रांगेत.

आपल्या बोलीतला दावा

आपल्याकडं दावा म्हणजे कोर्टातला दावा. दिवाणी दावा लागला की दोन पिढ्या तालुक्याला चपला झिजवायच्या. दुसरा दावा म्हणजे वैर. अमक्यानं तमक्यावर दावा साधला, असं आपण म्हणतो. म्हणजे ज्याच्या कानावर 'गावकऱ्यांनी दावा केला' हे पडतं, त्याला आधीच वाटतं की ही भांडखोर माणसं आहेत, काहीतरी उकरून काढतायत. आणि तिसरं दावं, गुराच्या गळ्यातलं. तो शब्द वेगळा, पण 'दाव्याला बांधलं' म्हटलं की दोन्ही सारखेच ऐकू येतात. आमचे कागद दहा-दहा वर्षं कचेरीच्या दाव्याला बांधून पडले आहेत, हे तर खरंच आहे.

या शब्दांचं मूळ बघितलं तर गंमत वाटेल. इंग्रजी क्लेमचं मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि तिथं त्याचा अर्थ ओरडून सांगणं, हाक देणं. आपला दावा फारसीच्या वाटेनं अरबीतून आला. त्या अरबी शब्दाच्या मुळाशीही हाक मारणंच आहे. दोन्ही शब्द मुळात हाकेचे. हाक मारणारा खोटारडा असतो, असं त्यांत कुठंच नव्हतं. तो संशय पेपरवाल्यांच्या वापरातून चिकटला, आणि तोही माणूस बघून.

माणूस बघून म्हणजे कसा, त्याचा आपल्याच भागातला पुरावा घ्या. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं जुन्नर-आंबेगावातच आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे. त्यांच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात खालच्या तालुक्यांची भांडणं होतात. तेव्हा पेपरात शब्द कुठला असतो? 'हक्काचं पाणी.' खालच्या शेतकऱ्याला पाणी मिळालंच पाहिजे, त्याच्याशी आमचं वैर नाही. त्याच्या पाण्याला हक्काचं म्हणता, चांगलं करता. पण ज्यांच्या खाचरांवर, घरांवर, देवांवर ते पाणी उभं आहे, त्यांची उरलेली वरची जमीन 'दाव्याची' कशी झाली?

हा शब्द आम्हाला पहिल्यांदा कुठं भेटला

पेपर उद्याचे आहेत. हा शब्द आमच्या जमिनीवर त्याआधी येऊन गेला आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा काढा. राखीव जंगल करायचं असेल तर सरकारनं आधी जाहीरनामा लावायचा. ज्याचा कुणाचा त्या जमिनीवर हक्क असेल त्यानं ठरल्या मुदतीत, म्हणजे निदान तीन महिन्यांत, वन जमाबंदी अधिकाऱ्यापुढं तो मांडायचा. हे कलम ६. आणि कलम ९ म्हणतं, ज्या हक्काचा दावा आला नाही आणि चौकशीतही जो अधिकाऱ्याला समजला नाही, तो हक्क संपला.

जाहीरनामा देशी भाषेत लावायचा, असंही त्या कायद्यात आहे. पण त्या काळी या डोंगरात वाचणारं होतं कोण? कचेरी कुठं, वाडी कुठं, मधी नद्या किती! ज्यानं तीन महिन्यांत हाक दिली नाही, त्याचा हक्कच नव्हता असं धरलं गेलं. म्हणजे तेव्हा दावा केला नाही म्हणून जमीन गेली. आणि आता दावा केला तर पेपर म्हणतो, हा नुसता दावा आहे. मुक्यानं राहिलं तरी मेलं, बोललं तरी मेलं.

२००६ चा वनहक्क कायदा आला तो हीच चूक सुधारायला. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की इंग्रजांच्या काळात आणि स्वतंत्र भारतातही राज्याची जंगलं ठरवताना वननिवासींचे हक्क नीट मान्य झाले नाहीत, आणि त्यातून ऐतिहासिक अन्याय झाला. आम्ही हे बोलत नाही, संसद बोलते. कायद्याच्या नावातला शब्दही बघा : 'वनहक्क मान्यता'. जमीन वाटप नाही, जमीन दान नाही. मान्यता. जे आधीपासून आहे त्यालाच मान्यता देता येते. नसलेल्याला कशी देणार?

'पण कायद्यातच दावा म्हटलंय ना?'

हो, म्हटलंय. बातमीदार मित्र हे उत्तर देतात आणि ते खोटं नाही. ग्रामसभेनं दावे मागवायचे, वनहक्क समितीनं पडताळायचे, मग ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. अर्जावरही दावेदाराचं नाव लिहायची जागा आहे. पण कायद्यात दावा हे एका कागदाचं नाव आहे. पेपरात ते आमच्या बोलण्याचं नाव होतं. शेतकऱ्यानं पीकविम्याचा क्लेम भरला म्हणून 'आपल्याकडं शेत असल्याचा त्याचा दावा आहे' असं कुणी लिहीत नाही. कागद दाव्याचा असला तरी शेत शेतच असतं.

दुसरं उत्तर मिळतं ते असं : 'आम्ही स्वतः खात्री केली नसेल तर दावा लिहावं लागतं, जबाबदारी असते.' हेही आम्हाला पटतं. तालुक्याचा बातमीदार काही आमचा शत्रू नाही. त्याला मिळतं थोडं, फिरावं लागतं फार, आणि त्यानं पाठवलेली बातमी वर कोण कापतं ते त्यालाही कळत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की नियम असेल तर दोघांना लावा. वनखातं म्हणालं, २००५ नंतर झाडं तोडून शेत केलं. त्याचीही खात्री तुम्ही केली नाही ना? मग लिहा, 'असा दावा वनखात्यानं केला.' ते लिहायला हात धजत नसेल, तर आमच्या वेळीही साधं 'म्हणाले' लिहा. म्हणाले हा चांगला शब्द आहे. तो कुणालाच खोटं पाडत नाही आणि कुणालाच मोठं करत नाही.

तिसरं उत्तर मिळतं की एवढ्या-तेवढ्या शब्दानं काय होतं! काय होतं ते २०१९ साली झालं.

फेब्रुवारी २०१९

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश झाला. ज्यांचे दावे नामंजूर झाले आहेत त्यांना जंगलातून बाहेर काढा, असं राज्यांना सांगितलं गेलं. देशभरातली दहा लाखांहून जास्त कुटुंबं हलणार, अशा बातम्या आल्या. त्या वेळचे पेपर आठवा. 'दावा फेटाळला' याचा अर्थ सरळ 'हक्क नाही' आणि 'हक्क नाही' याचा अर्थ सरळ 'अतिक्रमण' असा धरून मथळे चालले होते. तीन पायऱ्या एका उडीत.

आपल्याला माहीत आहे की दावा फेटाळला जातो कसा. सही एका खान्यात नाही म्हणून. दुसरा पुरावा जोडला नाही म्हणून. नकाशात दिसत नाही म्हणून. नियम तर म्हणतो की उपग्रहाचा नकाशा इतर पुराव्याला जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी तो चालत नाही. फेटाळलं तर कारण देऊन दावेदाराला कळवायचं, आणि त्यानंतर अपिलाला साठ दिवस द्यायचे, हाही नियमच. कितीजणांच्या हातात असा कागद पडला? ज्याला कळवलंच नाही त्यानं अपील कधी करायचं?

देशभर ओरड झाली, मोर्चे निघाले, केंद्र सरकारही कोर्टात गेलं. २८ फेब्रुवारीला कोर्टानंच तो आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे फेटाळताना रीत पाळली का ते सांगा. म्हणजे जो प्रश्न पेपरांनी पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होता, तो पंधरा दिवसांनी कोर्टानं विचारला. कुठल्याही बातमीनं 'दावे फेटाळल्याचा सरकारचा दावा' असं लिहिलं असतं, तर वाचणारा तिथंच थांबून विचारात पडला असता.

त्याच्या आदल्या वर्षी, ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला आणि १२ मार्चला मुंबईत पोचला. त्यात वनजमीन हीच मोठी मागणी होती. फाटक्या पायांचे फोटो पेपरांनी छापले, शहरातल्या माणसांनी पाणी-बिस्किटं दिली, त्याचं मोल आम्ही विसरणार नाही. पण पाय दिसले तसे शब्दही दिसायला हवेत. आमच्या फोडांवर विश्वास बसतो, आमच्या तोंडावर का बसत नाही?

मग आपण काय करायचं

पेपर आपल्या हातात नाही. पण पेपरात जाणारं आपलं बोलणं आपल्या हातात आहे.

एक. बातमीदार आला तर एकानं बोलावं, बाकीच्यांनी पुरावे समोर ठेवावेत. 'आमचं म्हणणं आहे' असं न म्हणता 'हा बघा' असं म्हणायचं. हा बघा बांध, ही बघा विहीर, हा बघा मसणवटा, हे बघा देवाचं ठाण. वनहक्काच्या नियमात हे सगळे पुरावेच आहेत. जाणत्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावाच आहे. फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको, दुसऱ्या कुणा वडीलधाऱ्याचा पाहिजे. आणि पुरावे एकापेक्षा जास्त हवेत.

दोन. हिरड्याच्या पावत्या जपा. आदिवासी विकास महामंडळानं आपल्याकडून वर्षानुवर्षं हिरडा विकत घेतला. सरकारच्या मंडळानं पावती फाडली म्हणजे जंगलातून आपण हिरडा आणतो हे सरकारनंच लिहून दिलं. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, हिरडा गेला तेव्हा भरपाईसाठी आपल्याला रस्त्यावर यावं लागलं. तेव्हा कुठं कुठं काय लिहून घेतलं गेलं, तेही कागद शोधा. सामूहिक हक्काच्या प्रकरणाला जोडा.

तीन. 'सरकारनं जमीन दिली', 'पट्टा वाटला' असं बोलायचं नाही, फलकावरही लिहायचं नाही. 'हक्काला मान्यता मिळाली' एवढंच. कार्यक्रमात पुढारी म्हणेल, आम्ही दिली. म्हणू द्या. आपल्या ठरावात तो शब्द येता कामा नये.

चार. दावा नामंजूर झाला असं नुसतं तोंडी ऐकून घरी यायचं नाही. कारणांसह लेखी मागायचं आणि त्यावर तारीख घालून घ्यायची. जिल्हा समितीनं नाही म्हटलं तरी वाट संपत नाही. आपल्या अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांनी मे २०२० मध्ये अधिसूचना काढली, तिच्याप्रमाणं विभागीय आयुक्तांच्या समितीकडं अपील जातं. आणि चौकशी-पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला जमिनीवरून हलवता येत नाही, हे कायद्याचं कलम ४, पोटकलम ५. प्रत्येक घरात एकाला तरी ते तोंडपाठ पाहिजे. गार्ड आला की पहिलं तेच ऐकवायचं.

पाच. बातमी चुकली तर पेपरला पत्र लिहायचं. शिव्या नकोत. दोन वाक्यं त्यांच्याच बातमीतली उतरवायची, अधिकाऱ्याचं एक आणि गावकऱ्याचं एक, आणि विचारायचं की पहिल्याला माहिती आणि दुसऱ्याला दावा का? खाली पाच सह्या, त्यात निदान दोन बायांच्या. दहा गावांतून दहा पत्रं गेली तर तिथला माणूस पुढच्या वेळी लिहिताना क्षणभर थांबेल.

शाळा-कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींवर एक जादा काम. महिनाभर पेपर बघा, मराठी आणि जमेल तसा इंग्रजी. जिथं जिथं आपल्या भागाची बातमी असेल तिथं 'दावा' आणि 'क्लेम' खाली लाल रेघ ओढा, आणि 'माहिती दिली', 'स्पष्ट केलं' खाली निळी. कुणाच्या नावापुढं कुठली रेघ आली ते मोजा. कात्रणं वहीला चिकटवून पुढच्या बैठकीला मढला घेऊन या. तिथं ती सगळ्यांपुढं वाचू, आणि त्याच बैठकीत संपादकांना जायचं पत्र लिहू.

जल, जंगल, जमीन आपली!
हक्क मागत नाही, हक्क सांगतो!